भिंतीपाशी संपणारे रस्ते : कर्जत-खालापुरातल्या शांत सायकलवाटांचा आढावा

मुंबई-पुण्याच्या सायकलस्वारांत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न गिअरचा नाही आणि टायरचाही नाही. ‘गाड्या नसलेला रस्ता कुठे मिळेल?’ हा तो प्रश्न. चढ चालतो, ऊन चालतं, पंक्चर तर स्वतःच काढायचं असतं. पण पाठीमागून घासून जाणारा डंपर आणि कानाशी वाजणारा हॉर्न नको असतो. मग कुणीतरी फ्रान्सचा दाखला देतं. बर्गंडीत बोन गावापासून पोमार, मर्सो करत सांतनेपर्यंत द्राक्षमळ्यांतून जाणारी सायकलवाट आहे. त्याच भागात जिव्री ते क्लूनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९९७ साली सुमारे ४४ किलोमीटरचा हरितमार्ग खुला झाला. फ्रान्समधला या प्रकारचा तो पहिला. आपल्याकडे असं काही आहे का, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच.

द्राक्षं हवीत तर नाशिक आहे. दिंडोरीपासून गंगापूर धरणापर्यंत मळे आणि वायनऱ्या आहेत, पण सुट्टीच्या दिवशी तिथे जायला निघणारे बहुतेक लोक चारचाकीतूनच निघतात. प्रश्नातली द्राक्षं बाजूला ठेवली आणि डोंगर, शेती, अरुंद रस्ता, कमी वाहनं एवढंच धरलं, तर उत्तर बरंच जवळ सापडतं. मुंबईहून लोकलने दोन-सव्वादोन तासांवर असलेले कर्जत आणि खालापूर हे रायगडचे समुद्र नसलेले तालुके तपासण्यासारखे आहेत. तपासून जे हाती येतं त्याचं सार असं : बर्गंडीतली शांतता ठरवून केलेली आहे, इथली सह्याद्रीने फुकट दिलेली आहे. जे फुकट मिळालं त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही, आणि म्हणून ते संपत चाललं आहे.

भूगोलाने केलेली आखणी

नकाशा पुढ्यात घेतला की या भागाची मांडणी पटकन कळते. पूर्वेला सह्याद्रीचा उभा कडा आहे : ढाक, राजमाची, पदरगड, भीमाशंकर. पश्चिमेला माथेरान, प्रबळ आणि इरशाळ. या दोहोंच्या मधल्या खोऱ्यात भाताची खाचरं आहेत. उल्हास नदी उत्तरेकडे बदलापूरला निघते, पाताळगंगा खोपोलीवरून पश्चिमेला वळते. मोठे रस्ते खोऱ्याच्या मधून जातात आणि त्यांतून फुटलेले छोटे रस्ते फणीच्या दातांसारखे पूर्वेकडे जाऊन कड्याच्या पायथ्याशी थांबतात. पुढे पायवाट, शिडी किंवा जुनी घाटवाट. गाडी पुढे जाऊ शकत नाही, म्हणून त्या रस्त्यावरून पलीकडे जाणारी वाहतूकच नाही. दुधाचा टेम्पो, शाळेची गाडी, एसटी, मोटारसायकली; बस्स. इथल्या शांततेचं कारण एवढंच आहे.

त्यामुळे एक फरक पहिल्यापासून मान्य करावा लागतो. बर्गंडीत एका खेड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा वळसा घालून परत येता येतं. इथे बहुतेक फेऱ्या गेल्या वाटेनेच परत येण्याच्या आहेत. वर्तुळाचा हट्ट धरणारा सायकलस्वार शेवटी राज्यमार्गावर येतो आणि सकाळभर कमावलेली शांतता शेवटच्या तासाभरात घालवतो.

टाळायचे रस्ते आधी सांगितलेले बरे. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदीच आहे. जुना मुंबई-पुणे महामार्ग चौकपासून खोपोलीपर्यंत ट्रकांनी भरलेला असतो. सावरोली-खारपाडा रस्ता कारखान्यांचा आहे. कर्जत-नेरळ-बदलापूर आणि कर्जत-चौक या रस्त्यांवर शनिवार-रविवारी फार्महाउसकडे निघालेल्या मोटारी असतात. मुरबाड-कर्जत-खोपोली-पाली हा पट्टा आता राष्ट्रीय महामार्गात गेला असून रुंद झाला आहे. त्यावर सायकल चालवता येते, पण शांतता शोधायला तिथे जाऊ नये. या सर्वांचा उपयोग एका दातावरून दुसऱ्यावर जाण्यापुरता, तोही उजाडता उजाडता.

कर्जतच्या पूर्वेचे चार फाटे

पहिला फाटा कोंदिवड्याचा. कर्जतहून उल्हासच्या काठाकाठाने राजमाचीच्या पायथ्याकडे जाणारा हा रस्ता नवशिक्यालाही झेपतो. चढ किरकोळ, अंतर एका बाजूला दहा-बारा किलोमीटर. शेवटी सायकल गावात ठेवून कोंढाण्याच्या लेण्यांपर्यंत चालत जाता येतं. ही इसवी सनापूर्वीची बौद्ध लेणी आहेत. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात कशी करत, ते इथल्या चैत्यगृहात दिसतं. कार्ले-भाजे पाहिलेल्या माणसालाही इथे थांबावंसं वाटेल, कारण तिथल्यासारखी गर्दी नाही. या फाट्याचं दुखणं असं, की तो सोपा आहे हे सर्वांना कळलं आहे. नदीकाठी रिसॉर्ट उभे राहिले आहेत आणि पावसाळ्यातल्या रविवारी हा रस्ता सायकलचा राहत नाही.

दुसरा सांडशीचा. वदप, गौरकामत या गावांवरून हा ढाक बहिरीच्या पायथ्याला जातो. कोंदिवड्याहून थोडा चढउताराचा, पण वाहनं कमी. ढाकची सरळसोट भिंत सायकलवरून इतक्या जवळून दिसण्याची दुसरी जागा या तालुक्यात नाही. वरच्या गुहेकडे जाणारी वाट कातळातली, घसरणीची आहे. ती जोड म्हणून करण्याचं काम नव्हे. सायकलस्वाराने सांडशीत चहा घ्यावा आणि मागे वळावं.

तिसरा आंबिवलीचा. कर्जतहून कडाव-कशेळे करत आणि मग मुख्य रस्ता सोडून जामरुंगकडे. माझ्या मते शांत रस्त्याच्या कसोटीला सर्वांत उतरणारा हाच. कशेळ्याच्या पुढे खाचरं, मग साग-ऐनाचं रान, मध्ये ठाकरवाड्या, आणि समोर पेठच्या किल्ल्याचा सुळका. आंबिवलीजवळ नदीकाठीच एक छोटं लेणं आहे. पेठ म्हणजे कोथळीगड. त्याच्या सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेला जिना पाहायचा तर अर्धा दिवस चढाईला द्यावा लागतो. सोलनपाड्याचं धरण याच बाजूला आहे. पावसाळ्यात तिथे झुंबड उडते आणि प्रशासन अनेकदा प्रवेशबंदीचे आदेश काढतं.

चौथा खांडसचा. कर्जत किंवा नेरळहून कशेळे, तिथून नांदगाव, खांडस. एका बाजूला तीसेक किलोमीटर. इथून भीमाशंकरला शिडी घाट आणि गणेश घाट अशा दोन पायवाटा चढतात. श्रावणात आणि महाशिवरात्रीला यात्रेकरूंच्या गाड्या असतात. एरवी कशेळ्यानंतर रस्ता मोकळा. पाठीमागचा वारा, समोर पदरगड आणि सलग सौम्य चढ असल्यामुळे लांब पल्ल्याची सवय करायला हा फाटा उत्तम.

वर्तुळ हवंच असेल तर त्याचीही एक सोय आहे. नेरळला उतरायचं, पूर्वेकडे कशेळ्याला जायचं आणि कडाववरून कर्जत स्टेशन गाठायचं. साधारण तीस किलोमीटर होतात आणि एका स्टेशनवर सुरू झालेली फेरी दुसऱ्यावर संपते. शेवटचा टप्पा रुंद रस्त्याचा, म्हणून तो नऊच्या आत उरकावा.

राजनाला : न झालेला हरितमार्ग

बर्गंडीच्या वाटांचं एक गुपित कालव्यांत आहे. जुन्या कालव्यांच्या काठाने होड्या ओढण्यासाठी केलेली वाट सपाट असते, सावलीची असते आणि तिला चौक कमी लागतात. सायकलसाठी ती आयती मिळाली. कर्जत तालुक्यातही अशी एक पाण्याची रेघ आहे, तिचं नाव राजनाला.

तिची कथा वीजनिर्मितीतून सुरू होते. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने ठोकरवाडीला धरण बांधलं आणि १९२२ साली त्याचं पाणी कड्यावरून भिवपुरीच्या वीजगृहात सोडलं. हे भिवपुरी घाटाखालचं. ‘भिवपुरी रोड’ स्टेशन त्याच्यापासून बरंच दूर आहे, आणि स्टेशनवर उतरून वीजगृह शोधणारे फसतात. आंध्रा नदी इंद्रायणीला, ती भीमेला, भीमा कृष्णेला मिळते. म्हणजे बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी इथे कोकणात उतरवलं गेलं. वीज करून सुटणारं हे पाणी राजनाल्यातून शेतांना मिळतं आणि कर्जतच्या काही गावांत उन्हाळी भात पिकतो. मार्च-एप्रिलमध्ये बाकीचा रायगड तांबडा-पिवळा पडलेला असताना कडावच्या बाजूला खाचरं हिरवीगार दिसतात, त्याचं कारण हेच. कर्जतचं भात संशोधन केंद्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ अशी इथली वाणं राज्यभर गेली. द्राक्षाच्या प्रदेशाला जशी त्याच्या वेलींनी ओळख दिली, तशी या खोऱ्याला भाताने दिली आहे.

राजनाल्याच्या बांधावरून काही ठिकाणी मातीची वाट जाते. काही ठिकाणी ती झाडोऱ्यात गडप होते, काही ठिकाणी कुणाच्या कुंपणाला अडते. आज तिला सलग सायकलमार्ग म्हणता येणार नाही. जाड टायरची सायकल असेल आणि शेतकऱ्याला विचारून पुढे जाण्याची तयारी असेल तर तुकड्यातुकड्याने मजा येते. पण साऱ्या तालुक्यात फ्रेंच नमुन्याच्या सर्वांत जवळ जाणारी जागा ही. उतार जवळजवळ नाही, पाणी शेजारी, शेती दोन्ही बाजूंना आणि मोटारीला कारणच नाही.

लोकलच्या साथीने खोपोली

कर्जत-खोपोली ही छोटी रेल्वेशाखा इतिहासात मुख्य मार्गाआधीची. १८५६ साली गाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली आणि बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा होईपर्यंत प्रवासी खोपोलीला उतरून घाट चढत. आज पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही स्टेशनं तीन-चार किलोमीटरच्या अंतराने आहेत. त्यांना जोडणारे गावरस्ते सपाट, वळणावळणाचे आणि कर्जत-खोपोली हमरस्त्यापेक्षा कितीतरी निवांत आहेत. प्रत्येक वळणावर जुळणी नीट लागेलच असं नाही. अधूनमधून हमरस्त्यावर यावं लागतं.

या पट्ट्याचा खरा फायदा दिलासा हा आहे. चेन तुटली, मूल थकलं, ऊन चढलं तर जवळचं स्टेशन दोन किलोमीटरच्या आत असतं. कुटुंबासह पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्यांनी आंबिवली-खांडसच्या आधी इथून सुरुवात करावी. पळसदरीचा तलाव आणि स्वामी समर्थांचा मठ हे थांबे आहेतच. मात्र घाटाकडून येणारा वारा दुपारी खोपोलीच्या दिशेने जाताना तोंडावर येऊ शकतो, म्हणून जाणं सकाळी आणि येणं लोकलने, हा बेत बरा.

खालापूर : अवघड विद्यार्थी

खालापूर तालुका सायकलला तितका सोपा नाही, आणि त्याचंही कारण पाण्यातच आहे. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं वीजगृह सुरू झालं आणि पाताळगंगेला बारमाही पाणी मिळालं. भिवपुरीच्या पाण्याने भात आला. खोपोलीच्या पाण्याने कारखाने आले, पुढे रसायनीची वसाहत आली. जोडीला जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग दोन्ही तालुक्याच्या मधून गेले. म्हणून इथे शांत रस्ता सलग मिळत नाही, महामार्गांच्या मधल्या बेचक्यांत मिळतो.

अशी एक बेचकी चौकच्या उत्तरेला आहे. नेताजी पालकरांचं हे गाव. इथून मोरबे धरणाच्या बाजूला आणि इरशाळगडाच्या पायथ्याला जाणारे रस्ते छोटे आहेत. डोणवत, कलोते, भिलवले अशी लहान धरणं तालुक्यात विखुरलेली आहेत. एखाद्या धरणापर्यंत जाऊन येण्याच्या सकाळच्या फेऱ्या चांगल्या होतात. महडच्या वरदविनायकाला सायकलने जाणारे बरेच असतात, पण तो रस्ता चतुर्थी सोडून निवडावा.

दुसरी बेचकी दक्षिणेला उंबरखिंडीची. खोपोली-पाली रस्त्यावरून शेमडीजवळ आत वळलं की चावणी गावाकडे जाणारा रस्ता अंबा नदीच्या खोऱ्यात शिरतो. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कुरवंड्याच्या घाटाने उतरलेल्या कारतलबखानाच्या फौजेला शिवाजी महाराजांनी इथे कोंडलं. स्मारकापाशी उभं राहिलं की ती लढाई कळते : दोन्ही बाजूंना रान, मध्ये चिंचोळी वाट, मागे कडा. जी चिंचोळी वाट फौजेला मारक ठरली तीच आज सायकलला तारक आहे. मुख्य रस्त्यावरचा टप्पा मात्र डोकं शाबूत ठेवून काढावा लागतो.

घाट : शांततेचा अपवाद

फ्रेंच सायकलस्वारांना खिंडी जमवण्याचा नाद आहे. शंभर खिंडी चढलेल्यांचा त्यांचा एक क्लब १९७२ पासून चालू आहे. आपल्याकडे हा नाद बोरघाटाभोवती फिरतो. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत आणि खंडाळा साडेपाचशेच्या आसपास. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. हा किताब मराठी सायकलविश्वात मोठा आहे. जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ लागतं. लोहमार्गाला वाट दाखवणाऱ्या धनगराची ही जागा, असं सांगतात. घाट एकदा जरूर करावा, पण शांततेसाठी नव्हे. खंडाळ्याजवळ जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकत्र येतात आणि तिथे सायकलस्वार अगदी उघडा पडतो.

नेरळ-माथेरान घाट छोटा आणि खडा. नेरळहून दस्तुरीपर्यंत चढ सोडत नाही. दस्तुरीच्या पुढे खासगी मोटारींना बंदी असल्यामुळे माथेरान हे देशातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध ‘गाड्या नसलेलं’ गाव. पण ती शांतता माथ्यावरची आहे, चढणीवर टॅक्सी आहेतच. आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे चढलात तर वाट तुमची.

वार, वेळ, सरंजाम

या भागात रस्त्याइतकाच वार महत्त्वाचा. मंगळवारी जी आंबिवली रिकामी, ती जुलैतल्या रविवारी ओळखू येत नाही. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हिरवळ अप्रतिम असते. पण शेवाळलेले पूल, खड्ड्यांवर साचलेलं पाणी आणि धबधब्यांकडची गर्दी हे तिन्ही सायकलचे शत्रू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निर्विवाद उत्तम : भाताची कापणी, झोडणी, मग वाल-पावट्याचे मळे. एप्रिलमध्ये राजनाल्याच्या बाजूची हिरवाई आणि रानातली करवंदं मिळतात, पण दहाच्या आत सावलीला परतायचं.

सायकल महागडी लागत नाही. ३२ ते ४० मिलिमीटरचे टायर, चढाला हलका गिअर, दोन ट्यूब आणि पंप असला की पुरे. कशेळे आणि कडाव सोडलं तर पंक्चरवाला मिळेल या भरवशावर राहू नये. लोकलच्या मालडब्यात पुढचं चाक काढून सायकल आणणारे बरेच आहेत; पहाटेच्या कर्जत गाडीला मुंबईहून गर्दी उलट दिशेने असल्यामुळे ते जमतं. खाण्याचं म्हणाल तर कर्जत स्टेशनवरचा दिवाडकरांचा बटाटावडा आहेच. घाटासाठी मागे इंजिन जोडायला गाड्या कर्जतला थांबतात, त्या थांब्यानेच हा वडा प्रसिद्ध केला.

रस्ता कुणाचा

शांत रस्त्याची भाषा बोलताना एक सावधपणा हवा. इरशाळगडाच्या कुशीतल्या इरशाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली तेव्हा बचावपथकांना चिखलातून चढून जावं लागलं, यंत्रं वर नेता आली नाहीत. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. कातकरी-ठाकरांच्या कितीतरी वाड्यांना बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी, शाळेसाठी चांगला रस्ता हवा आहे. शहरातून येणाऱ्याने ‘रस्ता होऊ नये’ म्हणणं हा निव्वळ स्वार्थ झाला.

पण चांगला रस्ता आणि रुंद रस्ता या दोन वेगळ्या मागण्या आहेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून आणि पुढे मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेल्या एकेरी डांबरी रस्त्यांनी वाड्यांपर्यंत रुग्णवाहिका पोचवली आणि रस्ता अरुंदही राहिला. शांतता मोडते ती त्यानंतर : पायथ्याशी प्लॉट पडतात, मातीचे डंपर सुरू होतात, मग ‘वाहतूक वाढली’ म्हणून रुंदीकरण येतं आणि रुंद रस्त्यावर आणखी वाहतूक येते. गावकऱ्याच्या बैलांना, शाळेच्या मुलांना आणि सायकलस्वाराला ही साखळी सारखीच नडते.

पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं कामही या संदर्भात पाहायला हवं. वावर्ल्याच्या मोठ्या बोगद्यासह हा मार्ग चौक आणि मोहोपे ही स्टेशनं नवी मुंबईच्या लोकलजाळ्यात आणणार. सायकल घेऊन थेट चौकला उतरता येईल, ही चांगली बाजू. स्टेशनांभोवती इमारती उठतील, ही दुसरी.

फ्रान्सकडून घ्यायचं ते काय

तिकडच्या वाटा सुंदर दिसतात त्या निव्वळ निसर्गामुळे नव्हे. हरितमार्ग ही संज्ञा २००४ साली तिथल्या वाहतूक नियमांत आली : बिनयांत्रिक वाहनं आणि पादचारी यांच्यासाठी राखलेला रस्ता. क्लूनीच्या वाटेवरचा जुना रेल्वे-बोगदा वटवाघळांच्या शीतनिद्रेसाठी हिवाळ्यात बंद ठेवतात, इतका बारीक विचार त्या व्यवस्थेत आहे. आपल्या रस्त्यांच्या वर्गवारीत राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग असे दर्जे आहेत, आणि प्रत्येक रस्त्याची वाटचाल वरच्या दर्जाकडेच गृहीत धरलेली असते. रस्ता जसा आहे तसाच जपायचा, ही नोंद करायला रकानाच नाही.

कर्जत-खालापुरात सुरुवात फार पैशांची नाही. कोंदिवडे, सांडशी, आंबिवली आणि खांडस या फाट्यांच्या शेवटच्या टप्प्यांवर वेगमर्यादा आणि अवजड वाहनांना ठरावीक वेळ हवी. राजनाल्याचा एखादा सलग तुकडा निवडून, शेतकऱ्यांची संमती घेऊन, बांधावर मुरूम टाकून प्रयोग करता येईल. स्टेशनवर सायकल ठेवायची आणि भाड्याने मिळण्याची सोय झाली तर मोटारीनेच यायची गरज कमी होईल, आणि वाड्यांतल्या तरुणांना पंक्चरचं दुकान, न्याहारी, राहण्याची खोली यांतून चार पैसे मिळतील. रिसॉर्टच्या गाडीतून आलेला पाहुणा गावात थांबत नाही; सायकलवरून आलेल्याला थांबावंच लागतं, त्याला पाणी लागतं.

बांधकाम खात्याकडे दरवर्षी रुंद करायच्या रस्त्यांची यादी तयार होते. या दोन तालुक्यांत दुसरीही एक यादी लागेल : दुरुस्त ठेवायचे, पण रुंद न करायचे रस्ते. ती छोटी असेल, वीस-पंचवीस नावांची. तिच्यावर पायथ्याच्या ग्रामपंचायतींचे ठराव हवेत, कारण सह्याद्रीने रस्ते अडवले असले तरी ते राखायचं काम तो करणार नाही.